वहिनीसाठी राखलेला पलंग

रविवार, ४ मे

प्रिय वहिनी,

मायना लिहिला आणि पेन खाली ठेवून चहा आणायला गेले. परत आले तरी मायना तिथंच होता, कुणी हरकत घेतली नव्हती. म्हणून पुढं लिहिते.

मी पोचले. विद्यापीठाची उन्हाळी शाळा, विषय वनस्पती-ओळख, मुक्काम तीन आठवडे, वयाची अट नाही. आठवते ना जाहिरात? तू आणि मी ती दरवर्षी कापून ठेवायचो आणि दरवर्षी कुणाचं तरी काहीतरी निघायचं. आधी आईचा मोतीबिंदू, मग दादाची बदली, मग दादाचं आजारपण. यंदा कुणाचं काही निघालं नाही, तेव्हा मी दोघींचे अर्ज भरून टाकले. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू विचार केला असतास. सही मात्र तुझी केली नाही, एवढा धर्म पाळला. सहीच्या जागी ‘आल्यावर करतील’ असं लिहिलं.

फोन का केला नाही, असं मनात येईल. फोनवर तू ‘बरं’ म्हणतेस. गेल्या दोन वर्षांत तुझं ‘बरं’ मी इतक्या सुरांत ऐकलं आहे की त्यावर टीका लिहू शकेन. पत्राला ‘बरं’ म्हणून ठेवून देता येत नाही. निदान पाकीट तरी फोडावं लागतं.

खोली पहिल्या मजल्यावर. दोन लोखंडी पलंग, दोन टेबलं, दोन कपाटं. त्यातलं एक कपाट आत काही ठेवलं की उघडतं आणि आत काही नसलं की बंद राहतं. ते मी घेतलं. गाद्या बहुधा पदव्युत्तर असाव्यात, त्यांनी बरंच सोसलेलं दिसतं. खिडकीतून एक मोठं झाड दिसतं. सत्तावीस वर्षं मी शाळेत मुलींना संस्कृत काव्यातल्या वृक्षवेली शिकवल्या, पण हे झाड कुठलं ते सांगता येत नाही. तुला एका पानावरून सांगता आलं असतं.

आता घोटाळा ऐक. खाली रेक्टरबाई बसतात. उंच, ताठ, गळ्यात शिटी. त्या म्हणाल्या, “दुसऱ्या कुठं आहेत?”

“येतील. थोडा उशीर होईल.”

“शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत पलंग राखून ठेवू शकते, पण जवळचं नातं असेल तरच. मैत्रिणींसाठी ठेवत नाही. मैत्रिणी काय, पोचायच्या आधीच भांडतात आणि येतच नाहीत. कोण तुमच्या त्या?”

“वहिनी,” मी म्हटलं.

इथं थांबायचं होतं. कुठल्याही शहाण्या बाईनं थांबायचं होतं. पण आम्हा संस्कृत शिकवणाऱ्यांची जात तुला ठाऊक आहे. सूत्र सांगितलं की भाष्य केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. मी म्हटलं, “म्हणजे माझा दादा सहा वर्षांपूर्वी गेला आणि दोन वर्षांपूर्वी तिनं पुन्हा लग्न केलं. गृहस्थ चांगले आहेत, चष्म्याचं दुकान आहे त्यांचं.”

रेक्टरबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. “मग त्या तुमच्या वहिनी कशा?”

वहिनी, हाच प्रश्न तू मला नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर विचारला होतास. सह्या झाल्या होत्या, आईनं तुला जवळ घेतलं होतं, सगळे हसत होते, आणि तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, “आता तुमच्या घरी मी कोण म्हणून येऊ?” मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात गाडी निघाली. त्यानंतर तू आली नाहीस. मी अजून जुळवतेच आहे.

रेक्टरबाईंना म्हटलं, “विचार करून सांगते.”

त्या म्हणाल्या, “करा. शनिवारपर्यंत वेळ आहे.”

तुझी नणंद
(दावा प्रलंबित)

सोमवार, ५ मे

प्रिय वहिनी,

तुझ्या पलंगाला उमेदवार उभा राहिला आहे. उमेदवार बाई आहे, दंतवैद्य आहे, आणि दुर्दैवानं अतिशय आवडण्यासारखी आहे. तिचं नाव प्रतीक्षायादीत पहिलं होतं. यादी पुढं सरकायची वाट न बघता ती बॅग घेऊन थेट येऊन धडकली. सध्या तिला आजारी विद्यार्थिनींच्या खोलीत ठेवलं आहे. तिथं भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता आहे आणि कोपऱ्यात वजनकाटा. सकाळी नाश्त्याला माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “तुमच्या वहिनी येऊ नयेत असं मला फार वाटतं. राग मानू नका.”

मी म्हटलं, “छे, राग कसला. दात काढू नका, एवढंच.”

“ते मी फुकट कधीच करत नाही,” ती म्हणाली. तेव्हापासून आम्ही एकमेकींना सोडलेलं नाही.

वर्गात आम्ही अठराजण आहोत. कॉलेजातली मुलं, एक निवृत्त टपाल अधिकारी, बाकी आमच्यासारखे, उन्हाळ्यात शिकायचं सुचलेले. शिकवायला एक तरुण मुलगी आहे, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. गळ्यात सदैव दोरीला बांधलेलं भिंग, त्यामुळं सगळे तिला भिंगबाई म्हणतात. तिनं पहिल्याच दिवशी आम्हाला बागेत सोडलं. “कुठलंही एक रोप घ्या. नाव सांगायचं नाही. फक्त दिसतं तसं लिहा.”

वर्णन! वहिनी, माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची वर्णनं शिकवली, आता आपली पाळी. कुंपणापाशी एक नाजूक गवत होतं. मी मांडी घालून बसले आणि दीड पान लिहिलं. कृशांगी, मंद वाऱ्यानंही लाजून मान झुकवणारी, प्रभातीच्या दवानं जिच्या पापण्या ओलावल्या आहेत अशी, वगैरे. शेवटी विरहसुद्धा आणला. गवताचा विरह कुणाशी, ते मोघम ठेवलं.

भिंगबाईंनी दीड पान शांतपणे वाचलं. खाली लाल पेनानं एवढंच लिहिलं: ‘उंची? सेंटिमीटरमध्ये.’

दंतवैद्यबाईंनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं आणि बाकावर डोकं टेकून हसल्या. त्यांचं स्वतःचं वर्णन असं होतं: ‘पानाची कड दातेरी. दात चोवीस. एक तुटलेला, मुळापासून.’ त्यांना दहापैकी नऊ.

दुपारी मी पट्टी घेऊन पुन्हा कुंपणापाशी गेले. उंची बत्तीस सेंटिमीटर. खाली वाकून भिंगातून बघितलं तर त्या गवताला खरोखर फुलं होती, मोहरीएवढी, जांभळे तुरे बाहेर लोंबत होते. मी तिथंच बसून राहिले. मागून टपाल अधिकारी आले आणि म्हणाले, “काही हरवलं का बाई?” मी म्हटलं, “नाही हो. सापडलं.”

तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘वन्सं, गवताला फुलं येतात हे तुम्हाला आज कळलं?’ हो, आज कळलं. ये आणि हसून घे.

तुझी नणंद
(दावा प्रलंबित, प्रतिवादी दंतवैद्य)

बुधवार, ७ मे

प्रिय वहिनी,

हे पत्र आज पेटीत पडलं तर शुक्रवारी तुला मिळेल. म्हणून मुद्द्याचं आधी: शनिवारी पाच.

काल जेवताना तुझ्यावर शास्त्रार्थ झाला. माझा त्यात काही हात नाही. म्हणजे विषय मी काढला, पण एकदाच. लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाकडी, सूप पातळ आणि मतं दाट. रेक्टरबाईही आपलं ताट घेऊन तिथंच बसल्या होत्या.

पूर्वपक्ष टपाल अधिकाऱ्यांनी मांडला. “पत्ता बदलला की टपाल नव्या पत्त्यावर जातं. बाई गेल्या दुसऱ्या घरी. आता तिथली नाती त्यांची.”

मी म्हटलं, “जुन्या पत्त्यावर आलेलं पत्र तुम्ही फेकून द्यायचात का?”

“छे! पुढं पाठवायचो.”

“तेच करते आहे. तिसरं पत्र लिहिते आहे उद्या.”

कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, “पण आजी, त्यात नातं कशाला पाहिजे? तुम्ही मैत्रिणी आहात म्हणा ना.”

वहिनी, ‘आजी’ हा शब्द मी गिळला, कारण मुद्दा महत्त्वाचा होता. म्हटलं, “मैत्रीण मी निवडून घेतली असती. हिला मी निवडलं नाही. दादानं एक दिवस घरी आणली आणि म्हणाला, ही वहिनी. मी तेव्हा नाक मुरडलं होतं. ती माझ्या कपाटात परवानगीशिवाय हात घालायची, मी तिच्या कुंड्यांमध्ये चहाची पावडर ओतायचे. वीस वर्षं आम्ही एका मोरीवरून वाद घातला. मैत्रिणींशी असं कोण वागतं?”

मग दंतवैद्यबाईंनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, “आमच्याकडं असं आहे. मधला दात काढला ना, की शेजारचे दोन दात त्या जागेकडं सरकायला लागतात. हळूहळू, पण सरकतातच. कुणी सांगायला लागत नाही. एका हाडात रुजलेले असतात ते.” आणि मग एकदम डोक्याला हात लावून, “अरे देवा, मी कुणाच्या बाजूनं बोलते आहे? मला तिथं वजनकाट्याशेजारी झोपावं लागतंय!”

सगळे इतके हसले की कँटीनवाला बाहेर आला. मी हसले नाही. म्हणजे हसले, पण मला त्या वेळी पाणी प्यायचं होतं.

रेक्टरबाईंनी निकाल दिला. ताट उचलता उचलता म्हणाल्या, “दावा तुमचा आहे बाई, पण साक्ष त्यांची लागेल. शनिवारी पाचच्या आत त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी स्वतः सांगितलं की तुम्ही त्यांच्या कोण, तर पलंग त्यांचा. नाहीतर डॉक्टरबाईंचा. पुढच्या आठवड्यात कुणी खरंच आजारी पडलं तर मी काय करू?”

म्हणजे उत्तर मी जुळवून काही उपयोगच नव्हता. ते तूच द्यायचं होतंस. दोन वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नाही, बघ. आमच्या शास्त्रात कर्ता नेहमी दुसराच निघतो.

दुपारी आईचा फोन आला. मावशीकडं मजेत आहे, मावशीच्या चुका काढते आहे. विचारलं, “पलंग कुठला घेतलास?”

“दाराजवळचा.”

“बरं केलंस. तिला खिडकी लागते.”

तिला म्हणजे कुणाला, ते आई बोलली नाही आणि मी विचारलं नाही. तू येणार म्हणून मी तिला सांगितलेलं नव्हतं. मोतीबिंदू काढल्यापासून तिला फार दिसतं.

तुझी नणंद
(साक्षीच्या प्रतीक्षेत)

शुक्रवार, ९ मे

प्रिय वहिनी,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही. तू उद्या आलीस तर वाचायची गरज नाही आणि नाही आलीस तर वाचून उपयोग नाही. तरी लिहिते, सवय लागली आहे.

मी इथं सुखात आहे, हे खरं खरं सांगते. पहाटे उठते, बूट घालते. मी बूट घालते, वहिनी! चिखलात जाते, पानं दाबून वर्तमानपत्रात ठेवते, माझ्या नखांत माती आहे. खिडकीबाहेरच्या झाडाचं नाव मुद्दाम शोधलं नाही. ते तुझ्यासाठी ठेवलं आहे.

तू नाही आलीस तरी मी रागावणार नाही. दंतवैद्यबाईंशी माझं जमेल. त्या घोरत नाहीत असं त्या म्हणतात, आणि तोंडाच्या बाबतीत त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी. फक्त मग मला ‘वहिनी’ हा शब्द कुठं ठेवायचा ते कळणार नाही. घरात त्याला दुसरी जागा नाही.

उद्या सकाळी तळ्याकडची फेरी आहे. कमळं आहेत म्हणे.

तुझी
मी

रविवार, ११ मे

श्री. चष्मेवाले यांस,

तुम्हाला काय म्हणायचं हे ठरलेलं नाही, ‘दादा’ ही जागा भरलेली आहे, म्हणून तूर्त व्यवसायावरून मायना लिहिला. राग नसावा. पत्र तुम्हाला लिहिते, कारण जिला लिहायचं ती समोर बसून माझ्या वहीतल्या वनस्पतींची नावं खोडते आहे.

तुम्ही विचारलं होतंत म्हणे, की पोचल्यावर काय झालं ते सविस्तर कळवा. तर सविस्तर.

काल सकाळची तळ्याची फेरी पावसाळी ढगांमुळं दुपारवर गेली. चार वाजता आम्ही काठावर होतो. माझं लक्ष घड्याळावर होतं आणि ते घड्याळावरून काढण्यासाठी मी कमळाकडं वळवलं. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. सत्तावीस वर्षं मी मुलींना शिकवत आले की ज्ञानी माणूस जगात राहून जगापासून अलिप्त असतो, कमळाच्या पानावरचं पाणी जसं पानाला चिकटत नाही. पण ते पान मी कधी हातानं तपासलं नव्हतं. भिंगबाई म्हणतात, बघितल्याशिवाय लिहू नका. म्हणून मी बूट काढले, साडी खोचली, पाण्याची बाटली घेतली आणि पायरीवरून वाकून एका गोल पानावर पाणी ओतलं.

पाणी चिकटलं. छान पसरून, घर केल्यासारखं बसलं.

मला मोठाच धक्का बसला. ज्ञान्यांचं काय होणार, या विचारात मी आणखी वाकले, पायरी शेवाळाची होती, आणि मी गुडघ्यांपर्यंत तळ्यात उभी राहिले. पडले नाही. उभी राहिले. दंतवैद्यबाई याबाबत खोटं बोलतील, लक्ष देऊ नका. बाकीचे धावले. मी म्हटलं, “थांबा, दुसऱ्या पानावर बघते.” दुसऱ्यावरही तेच.

तेवढ्यात काठावरून आवाज आला. “वन्सं, ते कमळ नाही. कुमुद आहे ते. पानाला चीर दिसत नाही का? कमळाचं पान पाण्याच्या वर उभं असतं. बाहेर या, सर्दी होईल.”

मी वळले. हातात बॅग, बाजूला रेक्टरबाई. दोन वर्षांनी भेटल्यावर काय बोलायचं याची मी बरीच तयारी केली होती, त्यात एक श्लोकही होता. तोंडातून निघालं, “तुला उशीर झाला.”

“मला? तुम्ही वेळेवर पोचून काय दिवे लावलेत ते दिसतंय.”

मग तिनं हात दिला आणि मी तो धरला. बाहेर यायला फार वेळ लागला नाही. हात सोडायला थोडा लागला.

टेबलापाशी काय झालं ते मला रेक्टरबाईंकडून कळलं. ही तिथं पोचली तेव्हा पाचाला थोडाच अवकाश होता. रेक्टरबाईंनी विचारलं, “कुणाकडं?” ही म्हणाली, “माझी नणंद इथं राहते.” त्या म्हणाल्या, “पण तुमचं तर पुन्हा लग्न झालंय ना?” त्यावर ही म्हणाली, “चष्म्याची फ्रेम बदलली म्हणून नंबर बदलतो का?”

हे वाक्य तुमचं आहे, मी लगेच ओळखलं. ती म्हणते तिचंच आहे. शिवाय कळलं की माझी पत्रं तुम्ही दुकानात गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवलीत आणि गवताच्या विरहावर एक गृहस्थ इतके हसले की त्यांना खालच्या ओळी वाचता येईनात. आणि शुक्रवारी तिसरं पत्र वाचून झाल्यावर तुम्ही दुकान दुपारीच बंद केलंत, तिची बॅग माळ्यावरून काढलीत आणि म्हणालात, “तुझी नणंद वाट बघतेय. मी कुठं पळून चाललो नाही.” याबद्दल आभार मानणं मला जड जातं आहे, म्हणून मानत नाही. समजून घ्या.

पण रेक्टरबाई पक्क्या. साक्ष ऐकली, तरी चेहऱ्यावर शंका राहिलीच. संध्याकाळी आम्ही खोलीत होतो. तुमच्या पत्नीनं येताच माझं कपाट उघडलं.

“हे काय? मोजे पुस्तकांवर?”

“माझ्या कपाटाला हात लावू नकोस.”

“वीस वर्षं लावत आले, आता काय नवीन? आणि ही ओली साडी खुर्चीवर कुणी टाकली? दोरी कशाला बांधली आहे बाहेर?”

“ती सुकते आहे.”

“ती कुबट होते आहे. आईंनी तुम्हाला लाडावून ठेवलंय, दुसरं काही नाही.”

“माझ्या आईला मध्ये आणू नकोस.”

“तुमच्या एकटीच्या नाहीत त्या!”

हे जरा मोठ्यानं झालं. मग ती मोज्यांच्या जोड्या लावायला लागली, मी साडी उचलून झटकायला लागले. कोरडी असती तर इतका वेळ झटकली नसती.

दारात काहीतरी आपटलं. रेक्टरबाई उभ्या होत्या, त्यांच्यामागं खांद्याला आपली बॅग अडकवलेल्या दंतवैद्यबाई, आणि दोघींच्यामध्ये दोन्ही टोकांनी धरलेली एक घडीची खाट. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

दंतवैद्यबाई हळूच म्हणाल्या, “आत जाऊ का आपण? की भांडण संपू द्यायचं?”

“संपत नसतं ते,” रेक्टरबाई म्हणाल्या, आणि खाट आत ढकलली. “जवळचं नातं आहे. नियमात बसतं.”

आपल्या पत्नीची नणंद